काटा बंद पडायला दहा तास पन्नास मिनिटं

संध्याकाळी ६.२०. उरले १० तास ५० मिनिटं

साखर कारखान्याचा प्रोग्रामर लॅपटॉपवरून एक फाइल सर्व्हरवर टाकतो आणि चालवतो. नाव 'ऊसबिल'. सी भाषेत लिहून कंपाइल केलेला प्रोग्रॅम. पंधरवड्यात कुणाचा किती ऊस आला, कपाती किती, कुणाच्या खात्यावर किती जमा करायचे, हे सगळं वाचून बँकेसाठी पेमेंटची फाइल बनवायची, एवढंच त्याचं काम. बँकेने फाइलचा साचा बदलला, आता तिला जेसन हवंय, म्हणून तो नव्याने लिहावा लागला. लॅपटॉपवर दिवसभर बिनचूक चालला. सर्व्हरवर मात्र एकच ओळ उमटते:

*शेअर्ड लायब्ररी लोड करताना चूक: लिबजेसन-सी.एसओ.५: शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही: अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही.*

ईडीपी, म्हणजे संगणक विभागाचे, मॅनेजर गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभे.

"साहेब, जरा एरर आलाय. बघतो मी."

"बघ. पण उद्याच्याला फाइल बँकेत गेली पाहिजे. चौदावा दिवस हाय."

चौदाव्या दिवसाचं महत्त्व कारखान्यात शिपायालाही ठाऊक असतं. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर पुढच्या काळासाठी वर्षाला १५ टक्के व्याज.

इथेच सांगून टाकतो, ही रात्र मी जुळवलेली आहे. कारखाना, माणसं आणि घड्याळातल्या वेळा रचलेल्या. जानेवारी २०२५, सांगलीच्या बाजूचं कुठलंही गाव समजा. यंत्र जे जे बोलतं ते मात्र खरं, फक्त मराठीत उतरवलेलं. अशा रात्री या धंद्यात अनेकांच्या वाट्याला आल्यात, फार कमी जणांनी त्या लिहून ठेवल्यात.

६.३५. उरले १० तास ३५ मिनिटं

वरची ओळ 'ऊसबिल'ने छापलेली नाही. त्याची पहिली ओळसुद्धा अजून चाललेली नाही. ती छापली लोडरने.

कंपाइल केलेल्या प्रोग्रॅममध्ये सगळं सामान भरलेलं नसतं. जेसन लिहिणं, पडद्यावर छापणं, मेमरी मागणं असली सामायिक कामं करणारा कोड वेगळ्या फाइलींमध्ये असतो. प्रोग्रॅममध्ये फक्त त्यांची नावं टिपलेली असतात. प्रोग्रॅम सुरू करताना कर्नल आधी लोडरला बोलावतो, लोडर ती यादी वाचतो आणि एकेक फाइल शोधून मेमरीत आणतो. शोधायच्या जागा ठरलेल्या: प्रोग्रॅममध्येच एखादी वाट लिहून ठेवली असेल तर ती आणि 'एलडी लायब्ररी पाथ' या चलात दिलेल्या, मग एलडीकॉन्फिगने बनवलेली कॅश, आणि शेवटी लिब६४सारखी नेहमीची फोल्डरं. तुम्ही उभे आहात ते फोल्डर या यादीत नाही. नवखे लोक लायब्ररी प्रोग्रॅमशेजारी आणून ठेवतात आणि ती "समोर असून दिसत नाही" म्हणून चिडतात, त्याचं कारण हेच.

आणि नावातला शेवटचा आकडा शोभेचा नाही. लिबजेसन-सी.एसओ.५ मधला पाच म्हणजे बनवणाऱ्यांनी दिलेला शब्द असतो की या क्रमांकाखाली फंक्शन्सची मांडणी मोडणार नाही. मांडणी मोडली की आकडा वाढवायचा. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे, तिथे ही लायब्ररी पाच क्रमांकाची. सर्व्हरवर सेंटओएस ७, २०१४ सालचं. तिथे तीच लायब्ररी दोन क्रमांकाची.

प्रोग्रामर योग्य तेच करतो. एलडीडी चालवतो. कोणती लायब्ररी कुठे सापडली याची यादी ही कमांड देते. त्याला हवी ती ओळ दिसते: लिबजेसन-सी.एसओ.५, सापडली नाही. यादीच्या वर आणखी एक ओळ आहे. तीत लिबसी.एसओ.६ मध्ये 'जीलिबसी_२.३४' ही आवृत्ती नसल्याचं म्हटलंय. ती तो वाचत नाही. ज्या एररमागे आपण लागलोय त्याच्याखेरीज दुसरं काही दिसत नाही, हा आजार मी चांगल्या चांगल्या इंजिनिअरांत पाहिलाय.

(एलडीडीबद्दल एक सावधगिरी. काही वेळा ही कमांड तो प्रोग्रॅम खरोखर चालवून पाहते. ओळखीचा नसलेला प्रोग्रॅम असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. ऑब्जडम्पने नुसती यादी वाचावी.)

७.०५. उरले १० तास ५ मिनिटं

ही रात्र इथे संपू शकली असती. प्रोग्रॅमचा सोर्स सर्व्हरवर आणायचा, जेसन-सीचं डेव्हलपमेंट पॅकेज टाकायचं, जीसीसीने तिथेच कंपाइल करायचं. ज्या मशीनवर चालवायचं त्याच मशीनवर, निदान तेवढ्याच जुन्या मशीनवर कंपाइल केलं की प्रोग्रॅममध्ये त्या मशीनकडे असलेल्याच नावांची यादी तयार होते.

प्रोग्रामरलाही हे सुचतं. तो यमला, म्हणजे पॅकेजेस आणून बसवणाऱ्या कमांडला, पॅकेज मागतो. यम सांगतो, मिररलिस्ट.सेंटओएस.ऑर्ग हा होस्ट सापडत नाही.

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि त्या पत्त्यानेही डोळे मिटले. जुनी पॅकेजेस व्हॉल्ट.सेंटओएस.ऑर्गवर जपून ठेवलेली आहेत. यमच्या सेटिंग फाइलींत चार-सहा ओळी बदलल्या असत्या तर वीस मिनिटांत काम झालं असतं. पण 'होस्ट सापडत नाही' हे वाचून कुणालाही इंटरनेट गेल्यासारखं वाटतं. तो ब्राउझर उघडून बघतो. इंटरनेट चालू. मग त्याचा समज होतो की या सर्व्हरला पॅकेज मिळायचे दिवसच संपले.

७.४०. उरले ९ तास ३० मिनिटं

लिब६४ मध्ये दोन क्रमांकाची लायब्ररी आहेच. तो तिच्याकडे बोट दाखवणारी एक सिमलिंक बनवतो आणि तिला नाव देतो लिबजेसन-सी.एसओ.५.

हे म्हणजे दुसऱ्याच्या नावाची तोडचिठ्ठी लावून ट्रॉली काट्यावर आणणं. काटा नाव वाचतो, वजन घेतो. ऊस कुणाच्या शेतातला ते त्याला कळत नाही. लोडरही नाव जुळलं की आत घेतो. मांडणी खरोखर तीच आहे का, हे कळतं चालत्या प्रोग्रॅममध्ये, एखादं फंक्शन हाकेला आलं नाही किंवा चुकीच्या आकाराचं उत्तर घेऊन आलं तेव्हा. पैशाच्या फाइलीत चुकीच्या आकाराचं उत्तर म्हणजे काय, याचा विचार संध्याकाळी पावणेआठला, पोटात भूक असताना, कोण करतो?

प्रोग्रॅम पुन्हा चालवला. एरर बदलला. आता दोन ओळी: लिबजेसन-सी.एसओ.५ कडे आवृत्तीची माहिती नाही, ही एक. आणि लिब६४ मधल्या लिबसी.एसओ.६ मध्ये 'जीलिबसी_२.३४' आवृत्ती सापडली नाही, ऊसबिलला ती हवी आहे, ही दुसरी.

पहिली नुसती कुरकुर आहे. लोडर नाराजी नोंदवून पुढे जातो. पण नव्या जेसन-सीच्या फंक्शन्सना आवृत्तीची खूण असते आणि या जुन्या फाइलीत एकही खूण नाही, हे तो स्पष्ट सांगतोय. थोडक्यात, चिठ्ठी खोटी असल्याचा संशय त्याला आलाय. दुसरी ओळ पावणेसातच्या आधीपासून पडद्यावर होती.

एरर बदलला की माणसाला पुढे सरकल्यासारखं वाटतं. प्रोग्रामर चहा मागवतो.

८.४५. उरले ८ तास २५ मिनिटं

जीलिबसी ही लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी. एलएस, सीपी, बॅश, पायथन, डेटाबेस, सगळे तिच्यावर उभे. सेंटओएस ७ मध्ये तिची २.१७ ही आवृत्ती, डिसेंबर २०१२ ची. लॅपटॉपवर २.३५, फेब्रुवारी २०२२ ची. मध्ये नऊ वर्षं.

तिच्या नावातला आकडा मात्र दोन्हीकडे सहाच. जीलिबसीवाले मोडतोड करतच नाहीत. जुनं फंक्शन जसंच्या तसं ठेवतात आणि बदललेलं नव्या खुणेने शेजारी मांडतात. त्यामुळे २०१२ साली कंपाइल केलेला प्रोग्रॅम आजच्या मशीनवर सहसा चालतो. उलट दिशेला मात्र रस्ता बंद. आणि २.३४ या आवृत्तीने, ऑगस्ट २०२१ मध्ये, एक गोष्ट अशी केली की ही अडचण घरोघरी पोचली: मेन फंक्शनच्या आधी चालणारी जी सुरुवातीची पायरी असते तिलाच नवी खूण दिली. त्यामुळे २.३४ किंवा त्यानंतरच्या जीलिबसीवर नेहमीच्या पद्धतीने कंपाइल केलेला प्रोग्रॅम, नुसता 'नमस्कार' छापणारा असला तरी, २.३४ मागतो. ऊसबिलने नवीन काहीही वापरलेलं नाही. तरी तो मागतो.

प्रोग्रामर लॅपटॉपवरची लिबसी.एसओ.६ सर्व्हरवरच्या आपल्या फोल्डरमध्ये आणतो आणि 'एलडी लायब्ररी पाथ' तिकडे वळवतो. मग सवयीने एलएस दाबतो. एलएस मरतो. कॅट मरतो. त्या खिडकीत काहीच उठत नाही.

अंगावर काटा येतो, पण चल रिकामं करायची अनसेट ही कमांड बॅशच्या पोटातच असते, ती चालते, आणि सगळं पूर्ववत होतं. पुढच्या प्रसंगाची ही पूर्ण रंगीत तालीम होती, तीही निर्धोक. तिच्यातून घ्यायचा अर्थ असा: लोडर आणि लिबसी ही एकाच घडणीची जोडी असते. दोघांमध्ये खाजगी बोलणी चालतात, ती आवृत्तीगणिक बदलतात. लोडरचा पत्ता प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पक्का कोरलेला, त्यामुळे जुना लोडर आला आणि त्याच्या हातात नवी लिबसी पडली.

जोडीने आणलं असतं तर? म्हणजे लॅपटॉपवरचा लोडर, लिबसी आणि जेसन-सी तिन्ही एका फोल्डरमध्ये टाकून, त्या लोडरलाच नाव घेऊन हाक मारली असती, 'लायब्ररी पाथ' म्हणून तेच फोल्डर दिलं असतं आणि शेवटी ऊसबिलचं नाव? माझ्या मते चाललं असतं. सर्व्हरचा कर्नल ३.१०, आणि २.३५ ला ३.२ पासूनचा पुरतो. एका रात्रीपुरता जुगाड, पण बाकी मशीनला धक्का नाही.

प्रोग्रामरने वेगळा अर्थ घेतला. लायब्ररी आडवाटेला ठेवल्याने गोंधळ होतोय. ती जिथे असायला हवी तिथेच ठेवू.

९.५०. उरले ७ तास २० मिनिटं

नवी लिबसी लिब६४ मध्ये. तिथल्या जुन्या फाइलीचं नाव लिबसी-२.१७.एसओ, म्हणून तो हिला लिबसी-२.३५.एसओ म्हणतो. काहीही होत नाही. लोडरला हवं ते नाव लिबसी.एसओ.६, ती एक सिमलिंक, आणि तिचं बोट अजून २.१७ कडेच आहे.

पण एक दार बंद झालं. एलडीकॉन्फिग ही कमांड अशा सिमलिंका स्वतः लावते आणि एका नावाला दोन दावेदार दिसले की मोठ्या आकड्याचा निवडते. आता ती कुणी सहज चालवली असती तरी बोट २.३५ कडे वळलं असतं.

जेवणाचा डबा उघडतो. बाहेर यार्डात ट्रॉल्या लागलेल्या.

११.१५. उरले ५ तास ५५ मिनिटं

दोन कमांड. पहिली आरएम: जुनी सिमलिंक, लिब६४ मधली लिबसी.एसओ.६, काढून टाक. दुसरी एलएन: त्याच नावाची नवी सिमलिंक बनव, बोट २.३५ कडे.

आरएम सुरू होताना लिबसी.एसओ.६ होती. त्यामुळे तो सुरळीत चालतो आणि निमूटपणे संपतो.

एलएन सुरू होताना ती नाही.

*एलएन: शेअर्ड लायब्ररी लोड करताना चूक: लिबसी.एसओ.६: शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही: अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही.*

एलएस तेच म्हणतो. सीपी तेच. एमव्ही, यम, व्हीआय, सगळे तेच.

दोन्ही कामं एकाच कमांडने केली असती तर एलएन निदान चालला असता. पण मग बोट २.३५ कडे गेलं असतं आणि जुन्या लोडरशी तिचं जमत नाही हे पावणेनऊला दिसलंच होतं. एकूण काय, त्या फोल्डरात हात घातल्यावर मोडतोड टळणार नव्हती.

११.१७. उरले ५ तास ५३ मिनिटं

पण अजून सगळं हातात आहे, आणि हा भाग लोकांना माहीत असायला हवा असं मला फार वाटतं. म्हणून जरा थांबतो.

एक, काही नष्ट झालेलं नाही. लिबसी-२.१७.एसओ ही खरी फाइल जागेवर आहे. गेलंय ते फक्त तिच्याकडे दाखवणारं नाव. दोन, रूटचं शेल उघडं आहे. बॅश सुरू झाला तेव्हाच लिबसी त्याच्या मेमरीत आली, त्याला आता ती नव्याने शोधायची नाही. बॅशच्या पोटातल्या कमांड चालतात: सीडी, एको, रीड, एक्स्पोर्ट. एलएस मेला तरी एकोपुढे चांदणी टाकली की फोल्डरातली नावं दिसतात.

आणि इलाज तीन आहेत, तिन्ही एका ओळीचे.

एलएनच्या आधी 'एलडी प्रीलोड' या चलात लिबसी-२.१७.एसओचा पूर्ण पत्ता द्यायचा. मग लोडर ती फाइल आधी घेतो. तिच्या पोटात तिचं अधिकृत नाव लिबसी.एसओ.६ असं लिहिलेलंच असतं, त्यामुळे पुढे ते नाव शोधायची वेळच येत नाही. एलएन चालतो आणि हरवलेली सिमलिंक परत बनवतो.

किंवा एसएलएन. ही छोटी कमांड जीलिबसीबरोबरच येते. सिमलिंक बनवणं एवढंच तिला येतं, आणि तिला कुठलीही शेअर्ड लायब्ररी लागत नाही, सगळं पोटात भरलेलं. असल्या प्रसंगासाठीच ती केलेली आहे. सेंटओएस ७ च्या प्रत्येक मशीनवर ती पडून असते आणि बहुतेकांना तिचं नाव माहीत नसतं.

तिसरा, एलडीकॉन्फिग. तीही स्वयंपूर्ण असते, लिबसी नसली तरी चालते आणि लिंक लावून देते. पण इथे ती २.३५ निवडणार. दहाच्या सुमाराचं ते दार.

प्रोग्रामर यातलं काहीही करत नाही, कारण त्याला यातलं काहीही माहीत नाही. तो दुसरी खिडकी उघडून सर्व्हरवर लॉगिन करून पाहतो. जोडणी होता होता तुटते. एसएसएच सर्व्हर प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी स्वतःला नव्याने सुरू करतो, आणि नव्याने सुरू होणं आता बंद आहे.

पावणेबाराला तो पुण्यातल्या मित्राला फोन लावायला बाहेर पडतो. ऑफिसात रेंज येत नाही. मळीच्या टाकीपलीकडे येते.

रात्री १२.०५. उरले ५ तास ५ मिनिटं

मित्र चौथ्या रिंगला उठतो. अर्धवट झोपेत ऐकतो आणि पहिलं वाक्य अचूक बोलतो.

"ती खिडकी बंद करू नकोस. काय वाट्टेल ते कर, पण ते टर्मिनल बंद करू नकोस. एसएलएन म्हणून एक कमांड आहे, जा, मी फोनवर आहे."

"तिथं रेंज नाही रे."

"मग लिहून घे."

तो लिहून घेतो, पळत येतो. पडद्यावर बॅशची ओळ: *इनपुटची वाट पाहून वेळ संपली: ऑटो-लॉगआउट.*

मागच्या हंगामात ऑडिटरने सुचवलेलं. कुणी रूटचं शेल उघडं टाकून गेलं तर १५ मिनिटांनी ते आपोआप बंद व्हावं. सूचना योग्यच होती.

सर्व्हररूममध्ये मॉनिटर जोडून तो थेट लॉगिन करून पाहतो. नाव टाइप होतं, मग लॉगिन हा प्रोग्रॅम सुरू व्हायला जातो आणि पडतो. आता आत जायला एकही वाट उरलेली नाही.

यार्डात मात्र काहीच बिघडलेलं नाही. ट्रॉली काट्यावर चढते, वजन पडद्यावर येतं, पावती छापली जाते. काट्यावरचा पीसी विंडोजचा, डेटाबेस सर्व्हरवर पोस्टग्रेसचा. पोस्टग्रेस नोव्हेंबरपासून अखंड चालू आहे, त्याची लिबसी मेमरीत आहे. नवी जोडणी आली की तो स्वतःची प्रत काढतो, नवा प्रोग्रॅम सुरू करत नाही, म्हणून त्याला लोडरची गरजच पडत नाही.

"दादा, काय बंद पडलंय व्हय?" काटा क्लार्क विचारतो.

"तुमचं चाललंय ना?"

"आमचं बेस चाललंय की."

२.००. उरले ३ तास १० मिनिटं

रोजचा बॅकअप होत नाही. क्रॉन वेळेवर जागा होतो, स्क्रिप्ट सुरू करायला जातो, जमत नाही. बॅकअप चुकला की मेल जावा अशी सोय केलेली आहे, पण मेल पाठवणारा प्रोग्रॅमही सुरू होत नाही.

४.००. उरला १ तास १० मिनिटं

पाळी बदलते. नवा काटा क्लार्क स्वतःच्या नावाने लॉगिन करतो. होतं.

प्रोग्रामर मॅनेजरना उठवतो. हे रात्री बारालाच करायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे.

४.५०. उरली २० मिनिटं

मॅनेजर स्वेटर घालून सर्व्हररूममध्ये. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बरीच मशीनं बंद-चालू करून सरळ केलीत.

"साहेब, मित्र म्हणतोय रिस्टार्ट नको. आधी रेस्क्यूची डीव्हीडी पाहिजे."

"डीव्हीडी कुठनं आणू आता? अरे, लॉगिनच घेत नाही तर ठेवून तरी काय करायचंय त्याला? दहाला फाइल जायचीय."

मॅनेजर सरसकट चुकले नाहीत. आत जायची वाट नसल्यावर सर्व्हर कधी ना कधी बंद करावाच लागणार होता. घाई चुकली. रेस्क्यूचं माध्यम हातात, काट्यावर पावतीपुस्तकं, शेतकी विभागाला निरोप, एवढं करून आठ वाजता बंद केला असता तर पाऊण तासाचा प्रश्न होता. या क्षणी तो सर्व्हर जखमी होता तरी कारखान्याचं सर्वांत महत्त्वाचं काम पार पाडत होता, आणि ते काम फक्त तो चालू राहण्यावर टिकून होतं.

मॅनेजर बटण दाबून धरतात. पंखे थांबतात. पुन्हा दाबतात.

५.१०

सुरुवात छान होते. बायॉस, ग्रब, कर्नल. सुरुवातीच्या टप्प्यात लिनक्स एका छोट्या तात्पुरत्या फाइलसिस्टिममधून चालतो, तिथे त्याची स्वतःची लिबसी असते, म्हणून मिनिटभर सगळं ठीक वाटतं. मग खरी डिस्क जोडली जाते आणि तिच्यावरचा इनिट, सगळ्या प्रोसेसांचा मूळपुरुष, सुरू करायचा असतो. लोडर लिबसी.एसओ.६ शोधतो.

*कर्नल पॅनिक: इनिटला मारण्याचा प्रयत्न. एक्झिटकोड ७एफ००.*

सोळाच्या पायावर लिहिलेला ७एफ म्हणजे आपला १२७. लायब्ररी सापडली नाही की लोडर ज्या आकड्याने बाहेर पडतो तो हाच. शेलमध्ये एको करून पाहिलं असतं तर संध्याकाळी सहा-वीसलाही तोच दिसला असता. तेव्हा तो एका प्रोग्रॅमचा होता.

काट्याचा पडदा गोठतो. "कनेक्शन गेलं," क्लार्क ओरडतो. काट्यावर ट्रॉली उभी, मागे रांग. वजनाचा आकडा इंडिकेटरवर दिसतोय, कारण काट्याला सर्व्हर लागत नाही; पावतीला लागतो. पावतीपुस्तकं स्टोअरमध्ये आणि स्टोअरकीपर आठला येतो.

त्यानंतर

मित्र साडेपाचपासून फोनवर, या वेळी लँडलाइनवर. डीव्हीडीची गरजच पडत नाही, हे त्याला मध्येच आठवतं. ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीला 'आरडी.ब्रेक' जोडलं की मशीन त्या तात्पुरत्या टप्प्यात थांबतं आणि शेल देतं. खरी डिस्क तिथे सिसरूट या नावाखाली दिसते, फक्त वाचण्यापुरती. ती लिहिण्यायोग्य करून एक ओळ: सिसरूटमधल्या लिब६४ मध्ये लिबसी.एसओ.६ नावाची सिमलिंक, बोट लिबसी-२.१७.एसओ कडे. मग लिबसी-२.३५.एसओ काढून टाकायची, आणि तीही एलडीकॉन्फिगचं नाव कुणी काढायच्या आत. ग्रबचा पासवर्ड शोधण्यात तासभर जातो. प्रत्यक्ष दुरुस्तीला चार मिनिटं. सात वाजून गेल्यावर पोस्टग्रेस वर येतो, अर्धवट राहिलेले व्यवहार आपल्या लॉगमधून तपासून घेतो आणि जोडण्या स्वीकारू लागतो.

ऊसबिलसाठी यमचे पत्ते व्हॉल्टकडे वळवले, डेव्हलपमेंट पॅकेज आलं, कंपाइल सर्व्हरवरच. पहिल्या फटक्यात झालं नाही: ऑब्जेक्टमध्ये नोंद घालणारं फंक्शन नव्या जेसन-सीमध्ये यश-अपयशाचा आकडा परत देतं, इथल्या ०.११ आवृत्तीत काहीच देत नाही, आणि प्रोग्रामरने तो आकडा इमानदारीने तपासला होता. कंपायलरने ती ओळ दाखवून नकार दिला. रात्रीच्या खोट्या सिमलिंकवर ऊसबिल कसाबसा चालला असता तर हाच फरक कुणाला न कळता फाइलीत शिरला असता. ती सिमलिंकही काढली. एलडीडीच्या यादीत आता प्रत्येक नावापुढे पत्ता आणि वर एकही ओळ नाही. पेमेंटची फाइल दुपारी एकला बँकेत गेली; व्याज वाचलं.

काट्याचा हिशोब लांबला. भरल्या ट्रॉलीचं वजन आधी होतं, गव्हाणीत ऊस रिकामा झाला की रिकाम्या ट्रॉलीचं होतं, आणि दोन्हींतला फरक शेतकऱ्याच्या नावावर चढतो. पाच-दहाला अकरा ट्रॉल्या भरलेल्या मोजून आत गेल्या होत्या. त्यातल्या सात गाडीवानांना यार्डात थांबवून घेता आलं, त्यांचं रिकामं वजन कागदावर टिपलं. चार जण खेप टाकून परत फडात गेले होते. शेतकी विभागाचा माणूस मोटारसायकलवरून त्यांच्या मागे गेला, ट्रॉल्यांचे नंबर जुळवले, आणि दुसऱ्या खेपेला त्या चौघांचं रिकामं वजन दोनदा घेऊन आधीच्या खेपेला लावायचं, असं चारही शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन ठरलं. एकाने सही करताना विचारलं की रात्रीत नेमकं झालं काय. मॅनेजर म्हणाले, सर्व्हर हँग झालावता.